उलट-सुलट : वाटी झालेला रुमाल, टोरांटोचं टोपडं आणि आईचा अर्धा स्वेटर

एप्रिल-मेमध्ये विणकामाच्या या सदराला जेमतेम दोन पत्रं येतात आणि त्यातलं एक शेजारच्या पाककृतींच्या सदराचं, चुकून माझ्या पाकिटात पडलेलं असतं. नोव्हेंबर उजाडला, निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या आल्या, की मात्र गठ्ठाच येतो. नव्या वाचकांसाठी दोन ओळी: मी नाशिकची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते आणि विणायला शिकले ती रात्रपाळीत, शेजारच्या बोर्डवर बसणाऱ्या एका सीनियर बाईंकडून. ट्रंक कॉल बुक झाल्यापासून तो लागेपर्यंत हात मोकळे असायचे. 'लायटनिंग' कॉल असेल तर सुया खाली, 'ऑर्डिनरी' असेल तर चार ओळी आरामात. उत्तरं देतानाही माझी तीच सवय राहिली आहे. कोणाला लगेच, कोणाला निवांत.

प्रश्न : काकू, क्रोशाचा गोल रुमाल घेतला की चौथ्या-पाचव्या फेरीपासून कड वर उचलली जाते आणि रुमालाची वाटी होते. इस्त्री फिरवली की तेवढ्यापुरता बसतो. दर फेरीत सहा टाके वाढवायचे हा नियम मी काटेकोर पाळते. माझा हात घट्ट आहे का?
– एक वाचक, चिपळूण

हाताला दोष देऊ नका. तुमचा नियम खराच आहे, पण तो मुक्या खांबाचा, म्हणजे क्रोशाच्या बुटक्या टाक्याचा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत साधे खांब, म्हणजे उंच टाके आहेत आणि खांबाला बारा लागतात.

कारण शाळेतच शिकवलेलं आहे. वर्तुळाची त्रिज्या जेवढी वाढते त्याच्या 6.28 पट परीघ वाढतो. मुका खांब साधारण जेवढा रुंद तेवढाच उंच. म्हणून एक फेरी झाली की त्रिज्या एका टाक्याएवढी वाढते आणि परिघाला सहा टाके जास्त लागतात. खांब उंचीला जवळपास दुप्पट, म्हणून त्याला बारा. पहिल्या फेरीत 12 खांब, मग 24, मग 36, मग 48. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबात दोन घ्या, तिसरीत एकाआड एक, चौथीत दोन सोडून तिसऱ्यात. तुम्ही बाराच्या जागी सहाच वाढवलेत, परीघ तोकडा पडला आणि कडेने रुमाल आत ओढला. इस्त्री बिचारी काय करणार?

याच्या उलटही होतं. उत्साहाच्या भरात दर फेरीला प्रत्येक खांबात दोन-दोन घेत गेलं, म्हणजे 12, 24, 48, 96, तर कापडाला बसायला जागाच उरत नाही आणि लेट्यूसच्या पानासारखी झालर होते. आमच्या सीनियर बाई अशी झालर दिसली की एक शब्द न बोलता हातातून काम घ्यायच्या आणि दोरा ओढायला लागायच्या. पुढे कधीतरी वाचलं, की अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात डायना टायमिना नावाच्या, मूळच्या लाटव्हियाच्या, गणिताच्या बाईंनी 1997 मध्ये हीच झालर मुद्दाम क्रोशाने विणली. हायपरबोलिक नावाची एक भूमिती असते, तिच्या प्रतलाचे कागदाचे नमुने हाताळताना फाटायचे. बाईंनी ठराविक प्रमाणात टाके वाढवत नेले आणि विद्यार्थ्यांना हातात घेऊन दुमडता येईल असं प्रतल तयार झालं. हे वाचलं तेव्हा आमच्या बाई हयात नव्हत्या. असत्या तर त्यांनी तेही उसवलं असतं.

तुमच्या त्या वाट्या मात्र टाकू नका. कडेला काचेचे मणी लावले की पाण्याच्या तांब्यावर झाकण म्हणून झकास बसतात.

प्रश्न : मावशी, मी 19 वर्षांची आहे, मोबाइलवर बघून क्रोशा शिकते. व्हिडिओत 'डबल क्रोशे' म्हणतात आणि आईच्या जुन्या पुस्तकातही 'डबल क्रोशे' आहे, पण दोन्हींचं दिसायला काही जमत नाही. कोण चुकतंय?
– एक विद्यार्थिनी, लातूर

कोणीच नाही गं. व्हिडिओ अमेरिकेचा आहे आणि आईचं पुस्तक ब्रिटिश वळणाचं. अमेरिकेतला सिंगल क्रोशे म्हणजे ब्रिटिशांचा डबल, म्हणजे आपला मुका खांब. अमेरिकेतला डबल म्हणजे ब्रिटिशांचा ट्रेबल, म्हणजे आपला खांब. ओळखायची खूण सोपी आहे. कृतीत कुठेही 'सिंगल क्रोशे' दिसला की ती अमेरिकी समजायची, कारण ब्रिटिश पद्धतीत सिंगल नसतोच.

सुयांचंही तसंच आहे, तेव्हा आत्ताच सांगून ठेवते. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते: 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 10 नंबर म्हणजे सव्वातीन. अमेरिकेत आकडा वाढला की सुई जाड होते आणि तिथला 8 म्हणजे 5 मिलिमीटर. माझ्या जावेने न्यू जर्सीहून एक मासिक पाठवलं होतं, त्यातला स्वेटर मी तिच्या मुलासाठी आपल्या 8 नंबरवर विणला. दोन हिवाळे लागले. तो अखेर त्याच्या धाकट्या बहिणीला झाला, तोही ओढूनताणून. तेव्हापासून मी नंबर वाचतच नाही, मिलिमीटर वाचते. तूही तसंच कर.

प्रश्न : मी 34 वर्षांचा, कंपनीच्या बसने रोज सव्वा तास जातो आणि तेवढाच वेळ येतो. मोबाइल बघून डोळे दुखतात म्हणून बायकोकडून विणायला शिकलो. बसमधले हसतात. हसण्याचं विशेष नाही, पण खड्ड्यात सुईवरून टाके घसरतात. उपाय सांगा.
– एक वाचक, पिंपरी-चिंचवड

हसण्याचं विशेष नाही म्हणालात, म्हणून त्यावर एकच वाक्य: पेरू देशात टिटिकाका सरोवरात ताकिले नावाचं बेट आहे, तिथे सुयांवर विणतात ते पुरुषच, आणि मुलगे सातव्या-आठव्या वर्षापासून शिकतात. आपल्याकडे इचलकरंजीत, सोलापुरात पुरुष माग चालवतो तेव्हा कोणाला हसू येत नाही. मागाऐवजी हातात सुई आली की येतं. (हे दुसरं वाक्य झालं.)

बससाठी क्रोशा घ्या. सुयांवर एका वेळी शंभर टाके जिवंत असतात, खड्डा आला की त्यातला कोणताही पळतो. क्रोशात जिवंत असतो तो एकच, आकड्यावरचा. स्टॉप आला की तो जरा लांब ओढायचा आणि सगळं पिशवीत टाकायचं. स्वेटरच विणायचा असेल तर गोल सुई वापरा, म्हणजे दोन सुया मधल्या वायरने जोडलेली असते ती. टाके वायरवर ढकलून ठेवले की घसरत नाहीत, आणि शेजारच्याच्या बरगडीत टोकही जात नाही.

प्रश्न : ताई, माझी मुलगी टोरांटोला असते, जानेवारीत तिची तारीख आहे. मी दोन टोपडी, कुंची, मोजे आणि पांघरूण विणून ठेवलंय. फोनवर म्हणते, 'आई, झोपलेल्या बाळाला टोपडं घालायचं नसतं, आणि ही लोकर खरी नाही.' लोकर म्हणून मागितली, दुकानदाराने लोकर म्हणून दिली. खरी नाही म्हणजे काय? घोंगडीची लोकर खरी असते ना, मग ती आणून विणू का?
– एक होणारी आजी, निफाड

आजी, रागावू नका, पण लेक दोन्ही बाबतींत बरोबर आहे.

आधी लोकरीचं. आपण दुकानात जिला लोकर म्हणतो ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते. मेंढीशी तिचा काही संबंध नाही, ती प्लास्टिकच्या कुळातली. लेबल हरवलं असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून मोरीत काडी लावा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि तिची राख बोटाने चुरडते. ॲक्रिलिक वितळतं आणि टोकाला काळा कडक मणी राहतो. सुती दोरा कागदासारखा जळतो. हा मणी मी मुद्दाम बघायला सांगतेय. आपल्याकडे अजून कितीतरी घरांत बाळ-बाळंतिणीला शेक-शेगडी करतात. तेव्हा अंगावर ॲक्रिलिक नको. ठिणगी पडली तर ते कातडीला चिकटतं.

घोंगडीची लोकर खरी, शंभर टक्के. पण ती आपल्या दख्खनी मेंढीची, आखूड आणि राठ. सनगर मंडळी तिचं सूत मागावर विणतात, चिंचोक्याची खळ देतात, आणि मग ती घोंगडी पावसात मेंढरांमागे फिरणाऱ्याच्या खांद्यावर वर्षानुवर्षं टिकते. नवजात बाळाच्या गळ्याला तीच लोकर लावली तर रात्रभर रडेल. ती जागा तिची नाही.

आणि एक गुपित. तुमचं ॲक्रिलिक टोरांटोला सोयीचंच आहे. साधी खरी लोकर वॉशिंग मशीनमध्ये गेली की तिच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात, कापड आटतं आणि नमद्यासारखं जाड होतं. ॲक्रिलिक आटत नाही. तेव्हा लेकीला ठणकावून सांगा, 'तुझ्या मशीनचा विचार करूनच घेतली.'

आता टोपडं. आपल्या निफाडच्या घरात पहाटे गारठा आत येतो, म्हणून टोपडं. तिकडे घर आतून तापवलेलं असतं. बाळ अंगातली जास्तीची उष्णता डोक्यावाटे सोडतं, ते झाकलं तर फार तापतं, शिवाय टोपडं घसरून नाकावर येण्याची भीती. म्हणून घरात झोपताना टोपडं नको, आणि पहिलं वर्षभर पाळण्यात सुटं पांघरूणही नको, असं डॉक्टर सांगतात. पण टोरांटोच्या जानेवारीत बाळाला दाराबाहेर काढायचं तर टोपडं हवंच हवं. दोन्ही कामी येतील. फक्त गळ्याशी बांधायच्या नाड्या काढून बटण लावा. मोजे उलटे करून बघा. आत धागा लोंबता राहिला असेल तर कापा, बाळाचं बोट त्यात अडकतं आणि रडण्याचं कारण कोणाला कळत नाही. पांघरूण जमिनीवर अंथरायला द्या, बाळ त्यावर पालथं पडायला शिकेल.

कुंची ठेवाच. बारशाच्या फोटोत कुंची नसेल तर तो फोटो कसला?

प्रश्न : दारावरचं क्रोशाचं तोरण विणायला मला रोज दोन तासांप्रमाणे बावीस दिवस लागले. दोरा आणि मण्यांना 340 रुपये पडले. नणंदेच्या मैत्रिणीने 500 दिले आणि वर म्हणाली, 'तुमचाही वेळ छान जातो ना!' आता आणखी तिघींना हवंय. किंमत कशी ठरवू?
– एक वाचक, सांगली

तुमचं गणित मी केलं. चव्वेचाळीस तास, हाती राहिले 160. तासाला साडेतीन रुपयांहून जरासे जास्त. माझ्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंना मी हा आकडा सांगितला तर त्या मलाच वेड्यात काढतील.

'वेळ जातो' या वाक्याचा मला जुना राग आहे. आंध्रात गोदावरीच्या मुखाशी नरसापूर आहे. म्हणजे आमच्या नाशिकच्याच नदीचं दुसरं टोक. तिथे मिशनरी बायकांनी एकोणिसाव्या शतकात क्रोशाची लेस शिकवली आणि ती परदेशी जाऊ लागली. 1970 च्या दशकाच्या अखेरीस मारिया मीस नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञ तिथे गेल्या. त्यांना काय दिसलं? घरकाम उरकून बायका दिवसाचे सहा-सहा, आठ-आठ तास लेस विणत होत्या, निर्यातदार मोठे होत होते, आणि या बायकांची ओळख काय, तर 'गृहिणी, फावल्या वेळात विणतात'. एकदा फावला वेळ म्हटलं की मजुरी द्यावी लागत नाही. नणंदेच्या मैत्रिणीला एवढं सगळं माहीत नसेल, पण वाक्य तेच आहे.

आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाला सांगा. स्वेटरचं विणकाम यंत्र करतं. क्रोशा मात्र कारखान्यातल्या यंत्रावर होत नाही. क्रोशासारखं दिसणारं कापड होतं, ते वेगळं. मॉलमध्ये खरं क्रोशाचं काही तीनशे रुपयांना दिसलं, तर ते कुठल्यातरी बाईने हाताने केलेलं असतं आणि तिला किती मिळाले असतील याचा अंदाज तुम्हाला आता आहे.

ठरवायचं असं: तुमच्या गावात शिवणकाम करणारीला तासाला काय सुटतं ते विचारा, त्याला चव्वेचाळीसने गुणा, सामान मिळवा. आकडा तीन-चार हजारांच्या घरात जाईल आणि तिघींपैकी दोघी गप्प होतील. होऊ देत. त्यांना दोन पदरी छोटं तोरण सुचवा, आठ तासांत होणारं. आणि ज्या माणसाला द्यावंसं वाटतं त्याला फुकट द्या, अगदी पैसे पुढे केले तरी घेऊ नका. फुकट चालतं. पाचशे चालत नाहीत.

प्रश्न : विणताना उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. बंद करू का?
– एक वाचक, जळगाव

अर्धा तास झाला की सुया ठेवा, अंगठा फिरवा, मग पुन्हा घ्या. लोखंडी सुया असतील तर बांबूच्या घ्या, हलक्या पडतात. मोठं काम गोल सुईवर घ्या म्हणजे वजन मनगटाऐवजी मांडीवर येतं. रात्री बोटांना मुंग्या येत असतील किंवा हातातली वस्तू निसटत असेल, तर पत्र मला नाही, डॉक्टरांना.

प्रश्न : आई श्रावणात गेली. कपाटात तिची विणकामाची पिशवी सापडली. बाबांसाठी निळा स्वेटर चालू होता. पाठ पूर्ण आहे, पुढा मुंढ्यापर्यंत आलाय, टाके अजून सुईवर आहेत, लोकरीचे पाच गुंडे शिल्लक. मला फक्त साधं उलट-सुलट येतं. भाऊ म्हणतो, तसाच जपून ठेवू. मी पूर्ण केला तर तिचं काम बिघडेल का? सोबत फोटो पाठवतेय.
– एक वाचक, अमरावती

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि फोटो बराच वेळ समोर ठेवला. भावाला सांगा, कपाटात ठेवलेल्या अर्ध्या स्वेटरची सुई एक दिवस निघते, आणि मग ते टाकेही जातात. पूर्ण करा. बाबांना याच थंडीत घालायला मिळू दे.

आज संध्याकाळी एवढंच करा: वेगळ्या रंगाचा सुती दोरा बोथट सुईत ओवा आणि सुईवरच्या प्रत्येक टाक्यातून पार न्या. आता काहीही झालं तरी टाके पळणार नाहीत. मग ते मोजून कागदावर लिहा, आणि पूर्ण झालेल्या पाठीचेही मोजा. गळ्यापर्यंत पुढा पाठीसारखाच जातो, म्हणून कृतीचं पुस्तक शोधत बसू नका. पाठ हेच तुमचं पुस्तक. इंग्रजी 'व्ही'सारखा दिसतो तो सुलट, आडवा फुगीर मणी दिसतो तो उलट. खालच्या पट्टीत दोन सुलट, दोन उलट आहेत, वर सगळं साधं. तुम्हाला जे येतं त्यापलीकडचं आईंनी यात काही घातलेलं नाही.

हात मात्र वेगळा पडणार. शिल्लक लोकरीतून त्याच सुयांवर तीस टाक्यांचा चौकोन विणा आणि दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. समजा आईंचे 24 आहेत आणि तुमचे 22 आले. फरक क्षुल्लक वाटतो, पण 110 टाक्यांच्या पुढ्यात आईंचा भाग 46 सेंटिमीटर भरेल आणि तुमचा 50. तेव्हा सुई एक नंबर बारीक घ्या आणि पुन्हा चौकोन विणा. तो चौकोन उसवून लोकर परत वापरता येते, म्हणून कंटाळू नका.

पाच गुंड्यांत बाकीचा पुढा निभेल, दोन बाह्या निभतील असं वाटत नाही. नवी लोकर आणाल तेव्हा लेबलवरचा लॉट नंबर बघा. तोच मिळायचा नाही, आणि तोच निळा दुसऱ्या लॉटचा असला तर उन्हात वेगळा दिसतो. म्हणून पुढा जुन्या लोकरीने पुरा करा आणि दोन्ही बाह्या नव्या लोकरीने विणा. पुढ्याच्या मध्यावर पट्टा दिसण्यापेक्षा बाह्या किंचित वेगळ्या बऱ्या. टाके इतके महिने सुईवर राहिल्यामुळे एक आडवी रेघ उमटेल, ती दोन-तीन धुण्यांत जाते. तिच्यावर इस्त्री ठेवू नका. ॲक्रिलिक असेल तर वीण कायमची लोळागोळा होईल.

बिघडेल का, म्हणून विचारलंत. बोर्डवर आमची पाळी बदलायची तेव्हा कॉल चालू असतानाच हेडफोन दुसरीच्या डोक्यावर जायचा. पलीकडच्या माणसाला आवाज बदललेला लगेच कळायचा, एखादा विचारायचाही, 'मघाच्या ताई कुठे गेल्या?' कॉल तुटायचा नाही.

फोटो मोठा करून मुंढ्याजवळचे टाके मोजले. मुंढ्यासाठी प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन टाके एकत्र घेतलेत; असे जोडटाके उजव्या कडेला पाच आहेत, डाव्या कडेला चार. म्हणजे आई सुलट बाजूची ओळ पुरी करून थांबल्या होत्या. तुमची पहिली ओळ उलट बाजूने आहे. सुरुवातीचे दोन टाके एकत्र घ्या.